जांभूळ बी, कलरीमीटर आणि मेसचे मामा

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी पहिला पाऊस, लोकलची गर्दी आणि होस्टेलचे दिवस यांवर लेख असतातच. यंदा संपादक मंडळाने मला पकडून सांगितलं, "तू केमिकलची आहेस ना, मग काहीतरी टेक्निकल लिही. पण मराठीत, आणि वाचणाऱ्याला झोप येणार नाही असं!" म्हटलं, ठीक आहे. नाहीतरी एक गोष्ट गेलं वर्षभर मनात घोळतेच आहे. विषय साधा आहे: मधुमेहावर झाडपाल्याचे अर्क तपासणं. आणि तो तुमच्या-माझ्या अगदी जवळचा आहे, कारण असले प्रोजेक्ट आपल्याच लॅबमध्ये होतात आणि त्यांचे परिणाम आपल्याच होस्टेलमध्ये भोगावे लागतात.

आधी झालेली गोष्ट सांगते. थर्ड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्हा चौघींना विषय सुचत नव्हता. आमच्यातली एक बदलापूरची. तिकडचं जांभूळ किती नावाजलेलं आहे ते कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना सांगायला नको. आता तर त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. जांभळाच्या बियांची पूड डायबिटीसवर घेतात हे तर प्रत्येकीने घरी ऐकलेलं. ठरलं! जूनमध्ये पिशवीभर बिया आल्या, होस्टेलच्या गॅलरीत सावलीत वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या (त्या मिक्सरचं पुढे काय झालं ते विचारू नका), सॉक्सलेटमध्ये अर्क काढला आणि टेस्ट केली. स्टार्चवर अमायलेज हे एन्झाइम सोडायचं, ते स्टार्च तोडून साखर बनवतं, त्यात डीएनएसए रिएजंट घालून उकळलं की लालसर रंग येतो आणि तो कलरीमीटरवर ५४० नॅनोमीटरला मोजायचा. आमचा अर्क घातल्यावर रंग फिका पडला. म्हणजे साखर कमी बनली. रोधन सत्तर टक्क्यांच्या वर! आम्ही हवेत.

कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावलं. मोठ्या अक्षरांत मथळा: "जांभूळ बी: मधुमेहावर प्रभावी नैसर्गिक उपाय". दुसरा नंबर आला, सर्टिफिकेट मिळालं, कँटीनमध्ये पार्टी झाली, विषय संपला. निदान आम्हाला तरी तसं वाटलं.

ते पोस्टर आपल्या मेसच्या मामांनीही वाचलं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी चहाचे थर्मास घेऊन आले होते तेव्हा मोबाईलवर फोटोही काढून नेला. मामांना पाच-सहा वर्षांपासून डायबिटीस. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या गोळ्या दिलेल्या. मामांनी सरळ हिशेब केला: आपल्याच कॉलेजच्या पोरींनी मशीनवर तपासून सिद्ध केलंय, मग गोळ्या कशाला? बाजारातून जांभूळ बीची पूड आणली, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा सुरू आणि गोळ्या बंद. दोन-अडीच महिन्यांनी मामा मेसमध्ये दिसेनात. पायाची जखम चिघळून ॲडमिट झाले होते. साखर चारशेच्या वर. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट म्हणाले, "ताई, पूड बहुतेक भेसळीची असणार. तुमची टेस्ट कशी चुकेल?"

खरं सांगते, त्या वाक्याने जेवढी लाज वाटली तेवढी के.टी. लागल्यावरही वाटली नव्हती. कारण टेस्ट चुकली होती की नाही हा प्रश्नच नव्हता. पोस्टरवरचा "उपाय" हा शब्द आमचा होता आणि तो लिहिण्याचा आम्हाला काडीचाही अधिकार नव्हता.

आता मुद्द्यावर येते. आमच्या टेस्टने नेमकं काय दाखवलं? एका परीक्षानळीत, एका एन्झाइमवर, एका अर्काचा एक परिणाम. बस्स. ते अमायलेजही माणसाच्या स्वादुपिंडातलं नव्हतं; बुरशीपासून काढलेलं, बाटलीत मिळतं ते स्वस्तातलं. तुलनेसाठी ॲकार्बोज हे याच तत्त्वावर चालणारं औषध घ्यायला हवं होतं, ते बजेटमध्ये बसलं नाही म्हणून घेतलं नाही. अर्काचा स्वतःचा रंग तपकिरी, पण नुसत्या अर्काचा ब्लँक आम्ही घेतला नाही, त्यामुळे आकडा किती चुकला तेही आता सांगता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे टॅनिन! जांभळाची बी चावली की जीभ कशी आखडते? ते टॅनिन. टॅनिन दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं. एन्झाइम हेही प्रोटीनच. म्हणजे आमच्या नळीत कदाचित एन्झाइमचं काम बंद पडलं नसेल, त्याचा नुसता गोळा होऊन तळाला बसला असेल! तसं असेल तर तोच "परिणाम" कोरा चहा किंवा डाळिंबाची साल घालूनही दिसला असता. पोटात गेल्यावर हेच टॅनिन जेवणातल्या डाळीच्या, दुधाच्या प्रोटीनला चिकटणार, मग एन्झाइमपर्यंत किती पोचणार? जिलेटिन घालून टॅनिन खाली बसवायचं, गाळायचं आणि मग परत टेस्ट करायची, एवढं एका दुपारचं काम होतं. आम्ही केलं नाही, कारण सबमिशन जवळ आलं होतं आणि आकडा छान दिसत होता.

बरं, समजा रोधन शंभर टक्के खरं आहे. तरीही मामांच्या गोळीची जागा ती पूड घेऊ शकत नाही. अमायलेज अडवलं तर जेवणानंतर स्टार्चपासून येणारी साखर हळू चढेल, इतकंच. पण मधुमेहात सकाळी उपाशीपोटीही साखर जास्त असते, ती कुठून येते? मुख्यतः लिव्हरमधून. मेटफॉर्मिन तिथे काम करतं. आमच्या टेस्टने लिव्हरकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. म्हणजे पंप बिघडलाय आणि आपण नळाचं वॉशर बदलतोय, असा प्रकार.

यावर कोणी म्हणेल, "मग सगळा झाडपाला थोतांड का?" मुळीच नाही! हे म्हणणारेही तितकेच चुकतात. ज्या मेटफॉर्मिनचं मी एवढं सांगतेय त्याचं मूळच एका वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे. त्यातल्या गॅलेजिनमध्ये साखर कमी करण्याचा गुण सापडला. १९२० च्या दशकात ते माणसांना देऊनही बघितलं, पण ते विषारी निघालं. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये प्रयोगशाळेत बनलं, १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहासाठी त्याचा वापर प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीची कथाही अशीच. १८३५ मध्ये त्यातून फ्लोरिझिन काढलं, १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांना दिसलं की त्याने लघवीवाटे साखर जाते. त्या धाग्यावरून आजची डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आली, ती सव्वाशेहून जास्त वर्षांनी. म्हणजे झाडाने दिशा दाखवली, पण झाड ते गोळी हा रस्ता तपासण्यांनी भरलेला आहे. कितीतरी वनस्पती त्या रस्त्यात गळून पडतात.

आणि हे काम फक्त परदेशातच होतं असंही नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग रुग्णांवर नीट नोंदी ठेवून तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्यानंतर सगळं जग या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. पण "आजीच्या बटव्यात आहे" हे वाक्य वकिलांनी पुरावा म्हणून वापरलं नाही, प्रश्न म्हणून वापरलं. केईएमच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीवर काम केलं तेही याच वाटेने. म्हणजे आपल्या सेंट्रल लाईनवर, परळला उतरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ही परंपरा आहे.

मधुमेहाचंच उदाहरण हवं असेल तर बिबळ्याचं घ्या, म्हणजे विजयसार. प्रदर्शनांत त्याच्या लाकडाचे पेले विकायला असतात. रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी रंग बदललेलं पाणी प्या, साखर खाली! डोंबिवलीत माझ्या काकांकडेही एक आहे. विजयसारवर १९८१ मध्ये मोठी खळबळ झाली होती. त्यातल्या एपिकॅटेचिनमुळे उंदरांच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी पुन्हा तयार होतात असा भारतीय संशोधकांचा दावा लॅन्सेटमध्ये आला. पण दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं तर तसा परिणाम मिळेना. पुढे आयसीएमआरने माणसांवर चाचणी घेतली, ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्याने मधुमेह कळलेले ९७ रुग्ण, रोज २ ते ४ ग्रॅम औषध, १२ आठवडे. ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची साखर आटोक्यात आली. उपाशीपोटीची सरासरी १५१ वरून ३२ ने उतरली, जेवणानंतरची २१६ वरून ४५ ने. वा!

पण थांबा, इंजिनिअर आहात ना? मग पुढचा प्रश्न विचारा. कंट्रोल ग्रुप कुठे होता? नव्हता, ही ओपन ट्रायल होती. आणि एचबीएवनसी, जी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती ९.८ वरून ९.४ वर आली, म्हणजे ०.४ ने. नुकताच मधुमेह कळलेला माणूस घाबरून गोड सोडतो, फिरायला लागतो. त्यातलं श्रेय किती पथ्याला आणि किती औषधाला, हे कंट्रोल ग्रुपशिवाय वेगळं काढता येत नाही. यात त्या संशोधकांचा दोष नाही. पहिली पायरी अशीच असते, आणि २००५ मध्ये त्याच विजयसारची टोलब्युटामाइड या औषधाशी डबल ब्लाइंड तुलनाही प्रसिद्ध झाली. डबल ब्लाइंड म्हणजे कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. असं पायरीपायरीने जायचं असतं. आता काकांच्या पेल्याचा विचार करा. त्या पाण्यात किती मिलिग्रॅम द्रव्य उतरतं? पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच साठाव्या दिवशी उतरेल का? आपण सेकंड इयरपासून मास ट्रान्सफर शिकतो. ज्या टाकीतून रोज द्रव्य काढतोय पण भरत नाही त्या टाकीचं काय होतं ते सांगायला प्रोफेसर लागत नाहीत. चाचणीत होतं ते मोजलेलं औषध. पेला ही वेगळीच गोष्ट झाली.

जांभळाचंही असंच आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर पितात. तिथल्या संशोधकांनी तो उंदरांत आणि माणसांत तपासला. २००० साली छापलेला निष्कर्ष: परिणाम नाही. पुढे रुग्णांवरच्या डबल ब्लाइंड चाचणीत ग्लायब्युराइडने साखर उतरली, चहाने नाही. यावरून बियाही निरुपयोगी ठरतात का? नाही. पान वेगळं, बी वेगळी. पाण्यातला काढा वेगळा, अल्कोहोलमधला अर्क वेगळा. बियांवर आपल्याकडे प्राण्यांवरचे पुष्कळ आणि माणसांवरचे थोडे, लहान अभ्यास झाले आहेत. म्हणजे जांभूळ बीचं नेमकं उत्तर "प्रभावी" हे नाही आणि "थोतांड" हेही नाही. "अजून पुरेसं तपासलेलं नाही" हे आहे. कारल्याचंही तेच: २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात सगळ्या मिळून निकषांत बसणाऱ्या ४ चाचण्या आणि ४७९ माणसं सापडली, आणि त्यावरून ठाम काही सांगता येत नाही असं आढावाकारांनी लिहिलं. ज्या देशात आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, तिथे कारल्याबद्दल आपल्याला अजून एवढंच माहीत असावं, याची खरं तर लाज वाटायला हवी.

उंदरांवरून माणसांवर उडी मारणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. समजा पेपरमध्ये लिहिलंय, उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला आणि साखर उतरली. उंदराचा डोस माणसासाठी बदलताना साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे किलोमागे ८० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज ४.८ ग्रॅम अर्क. अर्काचा उतारा १० टक्के धरला तर त्यासाठी ४८ ग्रॅम पूड लागेल! मामा घेत होते दोन चमचे. शिवाय त्या उंदरांना आधी स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन त्यांच्या बीटा पेशी मारलेल्या असतात. मामांचा आजार तसा झालेला नाही. आकडेमोड एका ओळीची आहे, पण ती न करता "वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध" असं छापलेली पाकिटं सगळीकडे विकली जातात.

"पण नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?" हा पुढचा हुकमी प्रश्न. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर दुधी-कारल्याच्या रसाचे स्टॉल आपण पाहतोच. २०१० मध्ये दिल्लीत एका मधुमेही गृहस्थांचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. कडू दुधीत कुकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलं की रस कडू लागला तर पिऊ नका. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), त्यात कारलं मिसळलं की कडूपणा कशाचा ते कळणारच नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या लिव्हरला झालेल्या इजेची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद कोणाच्या बाजूने सुटो, त्यातून एक गोष्ट सिद्धच होते: बाजारातून आणलेली वेल कोणती, हे ओळखण्यापासूनच सुरुवात करायला हवी. आणि भेसळ? २००० साली कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने मधुमेहावरची पाच "नैसर्गिक" चिनी औषधं परत मागवली, कारण त्यात ग्लायब्युराइड आणि फेनफॉर्मिन ही चक्क ॲलोपॅथीची औषधं सापडली. म्हणजे "झाडपाल्याने एका आठवड्यात गुण" आला तर आनंदाआधी शंका यायला हवी.

मला ठाऊक आहे, काहीजण म्हणतील, "कंपन्यांना हे नकोच आहे, म्हणून तपासत नाहीत." यात तथ्य आहे, ते मान्य करते. जांभळाच्या बीवर कोणाची मालकी नाही, मग मोठ्या चाचणीचा खर्च कोण करणार? पण मालकी आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेत जांभूळ, कारलं, गुडमार आणि वांगं यांच्या मिश्रणावर मधुमेहासाठी पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे संताप झाला, तो रास्तच होता. त्याच्या दोन वर्षं आधी, डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना, हळदीचं पेटंट आपण रद्द करून घेतलं होतंच. माशेलकर आपल्यासारखेच केमिकल इंजिनिअर, माटुंग्याच्या यूडीसीटीचे. पण पेटंट मिळालं म्हणून ते मिश्रण गुणकारी ठरलं नाही आणि ते आपलं म्हणूनही ठरत नाही. "आमचंच आहे" हे सांगायला जुने ग्रंथ पुरतात. "उपयोग होतो" हे सांगायला चाचणी लागते. आयुर्वेदावर प्रेम असेल तर त्याच्या औषधांसाठी सरकारी पैशातून मोठ्या, कंट्रोल ग्रुप असलेल्या चाचण्या मागा. वैद्यसुद्धा माणूस बघून, आहारविहार ठरवून औषध देतो. "जाहिरात वाचा आणि दोन चमचे घ्या" हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. आमचं पोस्टर जाहिरात नव्हतं, पण वाक्य तसंच होतं.

मग आपण काय करायचं? असले प्रोजेक्ट बंद करायचे? अजिबात नको! उलट जास्त करा, पण नीट करा. माझ्या चार सूचना आहेत, स्टाफनेही वाचाव्यात.

पहिली, वनस्पती ओळखून घ्या. सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम सीएसटीला उतरलं की जवळच आहे. नमुना दाखवून खात्री करून घेण्याचं काम एका सुट्टीच्या दिवसाएवढं आहे.

दुसरी, ब्लँक, स्टँडर्ड आणि निदान तीन वेळा रीडिंग याशिवाय आकडा पोस्टरवर जाऊ नये. परिणाम नाही मिळाला तरी तो तसाच मांडा आणि त्याला मार्क द्या. सर, मॅडम, ही विनंती तुम्हालाच आहे. "निगेटिव्ह रिझल्ट" आला की टर्मवर्क कापलं जाईल या भीतीनेच आमच्यासारखे जिलेटिनची टेस्ट टाळतात.

तिसरी, मथळा. नळीत अमायलेज अडलं असेल तर "अमायलेजचं रोधन" लिहा. "मधुमेहावर उपाय" लिहू नका. आणि खाली मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ: "हे औषध नाही. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका किंवा तिच्या जोडीला पूड, रस सुरू करू नका." दुसरा अर्धाही महत्त्वाचा आहे, पुडीत खरोखर गुण असेल तर गोळीबरोबर घेऊन साखर एकदम खाली जाण्याचाही धोका असतो.

चौथी सूचना एन.एस.एस. युनिटला. आपल्या मेसचे, सिक्युरिटीचे, हाऊसकीपिंगचे लोक आपल्यासाठी राबतात. महिन्यातून एकदा त्यांची साखर आणि बी.पी. तपासायला कितीसा खर्च येतो? ग्लुकोमीटर आणि पट्ट्या एवढंच. आमच्या ग्रुपने सर्टिफिकेटबरोबर मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेतून पहिलं मशीन घेतलंय. ते वॉर्डन मॅडमच्या ऑफिसात ठेवलेलं आहे, कोणीही वापरा.

मामा आता बरे आहेत. पाय वाचला, गोळ्या परत सुरू झाल्या, रात्री जेवणं आटपली की ग्राउंडला दोन फेऱ्या मारतात. परवा पोळी वाढता वाढता मला म्हणाले, "ताई, मग जांभूळ खायचं की नाही, ते एकदाचं सांगा." म्हटलं, "मामा, फळ म्हणून खा, डॉक्टरांना विचारून. औषध म्हणून आम्ही सांगू तेव्हा खा." "आणि तुम्ही कधी सांगणार?" "नीट तपासून झालं की."

फायनल इयरचा प्रोजेक्ट पुन्हा जांभूळ बीवरच घेतलाय. यावेळी टॅनिन काढून, ॲकार्बोज सोबत ठेवून. आत्तापर्यंतच्या रीडिंगमध्ये रोधन सत्तरवरून निम्म्याच्याही खाली आलंय. यंदा नंबर बहुतेक येणार नाही. पण पोस्टर मामांना दाखवायला लाज वाटणार नाही, एवढं नक्की. बघा, तुम्हाला पटतंय का!